१२३४५६७८९८७६५४३२१ (संख्या)

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी नैसर्गिक संख्या म्हणजे नऊ एकांच्या, अर्थात १११११११११ या संख्येचा वर्ग. उलटीकडून वाचली तरी ती तीच राहते. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर ती १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ अशी लिहितात. म्हणजे सुमारे १२,३४५ लाख कोटी. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील स्थानांच्या यादीप्रमाणे तिचा पहिला अंक ‘मध्य’ या स्थानी येतो, परार्धाच्या एकच पायरी खाली.

अंक असे चढत-उतरत का येतात, हे शाळेतल्या उभ्या गुणाकारात डोळ्यांनी दिसते. १११११११११ला त्याच संख्येने गुणताना एकांच्या नऊ ओळी पडतात आणि प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकते. उजव्या टोकाच्या घरात एकच १, त्याच्या शेजारी दोन, मग तीन, मधल्या घरात नऊ आणि पुढे पुन्हा उतार. बेरीज कुठेही नवाच्या पुढे जात नाही, म्हणून हातचा घ्यावाच लागत नाही. या संख्येचे सारे सौंदर्य त्या न आलेल्या हातच्यात आहे. दहा एकांचा वर्ग करून पाहावा: मधल्या घरात दहा होतात, हातचा डावीकडे जातो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ येते. चढणीतला ८ नाहीसा होतो आणि संख्या उलटसुलट सारखी राहत नाही. ० ते ७ एवढेच अंक वापरणाऱ्या अष्टमान पद्धतीत हीच मर्यादा सात एकांवर येते.

तिच्या अंकांची बेरीज ८१, म्हणजे ९चा वर्ग. या ८१ने आपल्या संख्येला गुणले तर ९९९९९९९९९चा वर्ग मिळतो. १११११११११ = ९ × १२३४५६७९ (येथेही ८ नाही!) आणि १२३४५६७९ = ३७ × ३३३६६७. त्यामुळे मूळ अवयवांत आपली संख्या ३⁴ × ३७² × ३३३६६७² अशी मांडता येते. तिला एकूण ४५ विभाजक आहेत. विभाजक जोडीजोडीने येतात, वर्गमूळ मात्र स्वतःशीच जोडी लावते. म्हणून कोणत्याही पूर्ण वर्गाप्रमाणे येथेही विभाजकांची संख्या विषम आहे.

या कुळातील संख्यांचे आकर्षण जुने आहे. नवव्या शतकातील गणिती महावीराचार्यांनी १२३४५६५४३२१ या संख्येचे वर्णन ‘एकापासून सहापर्यंत चढणारी आणि मग क्रमाने उतरणारी’ अशा अर्थाच्या शब्दांत केले आहे. ती सहा एकांचा वर्ग आहे.

विसाव्या शतकात या कुळाला नाव दिले ते देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरच्या, तेव्हाच्या जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या एका स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली, आणि त्या स्थानकाच्या नावावरून त्यांनी या संख्यांना ‘डेमलो संख्या’ म्हटले. ते स्थानक म्हणजे आजचे डोंबिवली, असे सांगतात. डेमलो संख्येचे तीन भाग पडतात: पहिल्या आणि शेवटच्या भागाची बेरीज केली की मधल्या भागातला अंकच सर्वत्र उमटतो. येथे १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९, आणि मध्ये उभा आहे ९.