दहीहंडीच्या थरांतील सांध्यांची निगा

दहीहंडीचे थर लावताना घोटे, गुडघे, खांदे आणि मणक्यांवर येणारा भार दुखापतीविना पेलता यावा म्हणून गोविंदांनी करायची तयारी, थरातली शिस्त आणि दुखापत झाल्यास घ्यायची काळजी. ठाण्यात हा विषय जिव्हाळ्याचा आहे. टेंभी नाक्यावरची आनंद दिघे यांनी सुरू केलेली हंडी आजही गर्दी खेचते. २०१२ साली जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यातच नऊ थर लावून ४३.७९ फुटांचा विक्रम केला आणि २०२५ साली कोकण नगर पथकाने इथे दहा थर लावले. थर चढत गेले, पण सांध्यांची आठवण बहुतेक पथकांना अजूनही सराव सुरू झाल्यावरच होते.

सराव सहसा गुरुपौर्णिमेला नारळ फोडून सुरू होतो. तिथून गोकुळाष्टमीपर्यंत, अधिक मास नसेल तर, जेमतेम पाच आठवडे मिळतात. एवढ्या दिवसांत स्नायूंची ताकद वाढलेली जाणवते; स्नायूला हाडाशी जोडणारे कंडरे आणि सांधा बांधून ठेवणारे अस्थिबंध मात्र सावकाश, काही महिन्यांत भक्कम होतात. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अंगात जोर असतो, थरही वाढवले जातात, आणि नेमकी तेव्हाच गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेच्या मागे दुखू लागते. म्हणून तयारी गुढीपाडव्यापासून धरावी. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, बैठका आणि टाचा उचलणे यांच्या प्रत्येकी १२ ते १५ च्या तीन फेऱ्या, ३० सेकंदांचे तीन प्लँक (कोपरे आणि चवड्यांवर अंग सरळ ताठ धरणे) आणि एका पायावर ३० सेकंद तोल सांभाळणे एवढे पुरते. टाच पायरीच्या कडेवरून सावकाश खाली सोडावी. कंडऱ्याला खरा व्यायाम त्या उतरण्यातच मिळतो.

तळाच्या थरातल्या गोविंदाने गुडघे मागे ताठ अडकवू नयेत. ते किंचित सैल असले की वरचा धक्का मांडीचे स्नायू झेलतात. अडकवलेल्या गुडघ्यात तो थेट कूर्चा (सांध्यातली मऊ गादी) आणि अस्थिबंधांवर जातो. पावले खांद्यांच्या रुंदीइतकी दूर आणि गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेत असावा. वर चढणाऱ्याने पाय मानेलगतच्या मांसल भागावर ठेवावा, खांद्याच्या टोकावर नाही. टोकावर गळपट्टीच्या हाडाचा छोटा सांधा असतो. तिथे पाय पडला की तो दुखावतोच, शिवाय भार मणक्याच्या रेषेपासून दूर गेल्याने खालचा गोविंदा एका अंगाला कलतो. थर कोसळण्याची सुरुवात बऱ्याचदा अशी होते. कमरेला घट्ट गुंडाळलेला शेला पोटाला आधार देऊन कंबर सावरतो. स्पेनमधल्या कातालोनियातले माणसांचे मनोरे रचणारेही, ज्यांच्या परंपरेचा युनेस्कोने २०१० साली सन्मान केला, लांब पट्टा असाच बांधतात.

उतरणे चढण्याइतकेच शिकवावे लागते. सलामी झाली की घाई होते, उड्या पडतात. ओल्या डांबरावर ताठ पायांनी उतरले किंवा उतरताना गुडघे एकमेकांकडे वळले, तर गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध तुटू शकतो. चवड्यांवर, गुडघे वाकवून, नितंब मागे घेत उतरावे. ट्रकच्या फाळक्यावरून उडी मारणेही याच कारणाने टाळावे.

सणाच्या दिवशी गोविंदा पाण्याने भिजलेला असतो आणि नंबर लागेपर्यंत तासन्‌तास ताटकळतो. सकाळची अंग मोकळे करण्याची कवायत दुपारपर्यंत टिकत नाही. प्रत्येक हंडीआधी पाच मिनिटे जागच्या जागी धावणे, अर्ध्या बैठका आणि खांदे फिरवणे पुन्हा करावे. एकाच जागी धरून ठेवायचे ताण यावेळी देऊ नयेत, ते रात्री घरी द्यावेत. गुडघ्याला पट्टी बांधून दुखणे दाबत थरात उभे राहणे धोक्याचे आहे, कारण अशा गोविंदाचा पाय निसटला तर वरचे सगळे खाली येतात.

लहान मुलांचा प्रश्न वेगळा. त्यांच्या लांब हाडांच्या टोकांशी वाढीची पट्टी असते आणि ती आजूबाजूच्या अस्थिबंधांपेक्षा नाजूक असते. ती मोडल्यास हाड आखूड किंवा वाकडे वाढू शकते. १४ वर्षांखालील मुलांना थरांत घेतले जाणार नाही, अशी हमी राज्य सरकारने २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयात दिली. चौदा पूर्ण झालेल्या एक्क्यालाही (सर्वांत वरच्या गोविंदालाही) शिरस्त्राण आणि कमरेला सुरक्षा दोर हवाच.

घोटा मुरगळल्यास पाय उंच ठेवून, कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे, दर दोन-तीन तासांनी लावावा. पहिले दोन दिवस तेल लावून चोळू नये; आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. दुखापतीनंतर चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर कळ येत असेल, तर एक्स-रे काढावा. गुडघ्यात ‘कट्’ आवाज होऊन तासा-दोन तासांत सूज आली, तर आत रक्त साचल्याचे समजून अस्थिरोगतज्ज्ञ गाठावा. निखळलेला खांदा जागेवर कोणीही ओढून बसवू नये, हात झोळीत बांधावा. मान दुखत असेल किंवा हातापायांना मुंग्या येत असतील, तर त्या गोविंदाला उचलू नये. डोके हलू न देता १०८ ला फोन करावा.

थरात परतण्याआधी दुखऱ्या पायावर न डगमगता ३० सेकंद उभे राहता यावे आणि त्याच पायावर दहा उड्या न दुखता मारता याव्यात. तोपर्यंत दुखापत झालेल्या गोविंदाला थराबाहेर, दोर धरायला ठेवावे.