दारुहळद (नाव आणि वर्गीकरण)

दारुहळद हे हिमालयात उंचावर वाढणारं काटेरी रानटी झुडूप. गोव्याच्या रानात ते नाही, आपल्याकडे येतात ते त्याच्या मुळा-खोडाचे सुके पिवळे तुकडे. दुकानात नाव काढलं की ‘दारू’वरून विनोद होतोच, पण यातला दारु ऱ्हस्व, संस्कृतातला, अर्थ लाकूड.

शास्त्रीय नाव बर्बेरिस अॅरिस्टाटा, स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोलने १८२१ मध्ये दिलेलं. बर्बेरिस ही प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) लिनियसची, १७५३ ची, कुळ बर्बेरिडेसी.

खरा घोळ जुन्या नावाचा आहे. ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीसने ‘भारतीय लायसियम’ नावाचं औषध लिहून ठेवलंय, ते नेमकं कशाचं यावर बरेच वाद झाले. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता, ज्याचा ग्रंथ १५६३ मध्ये इथेच छापला गेला, त्याच्या मते ते म्हणजे आपला खैराचा कात. पुढे १८३० च्या दशकात ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ रॉइलने मांडलं की ते रसांजन, म्हणजे दारुहळदीचा काढा आटवून केलेला घट्ट अर्क, आणि एका हिमालयी जातीला त्याने बर्बेरिस लायसियम असंच नाव देऊन टाकलं. रॉइलचं जास्त पटतं, कारण रसांजन डोळ्यांसाठी वापरायची परंपरा आपल्याकडे आहेच आणि डायोस्कोरिडीसही डोळ्यांचंच बोलतो. ओर्ताने बाजारात दिसणाऱ्या काताला नाव चिकटवलं असावं.

जाती ओळखणंही कटकटीचं. फांदीवरचा तीन फाट्यांचा काटा म्हणजे मुळात बदललेलं पान, त्याच्या बगलेत साध्या पानांचा झुबका येतो. संयुक्त पानांची (एका देठावर अनेक पर्णिका असलेली), बिनकाट्याच्या फांद्यांची झुडपं वनस्पतिशास्त्रज्ञ नटॉलने १८१८ मध्ये महोनिया म्हणून वेगळी काढली, नंतर काहींनी ती परत बर्बेरिसमध्ये घातली, आणि २०१७ मध्ये डीएनएच्या आधारे महोनिया वेगळीच ठेवून आणखी दोन छोट्या प्रजाती पाडल्या गेल्या. निलगिरीतली बर्बेरिस टिंक्टोरिया काही जण अॅरिस्टाटातच धरायचे, आता वेगळी मानणंच बरं.

दक्षिणेत दारुहळद म्हणून बऱ्याचदा कॉसिनियम फेनेस्ट्रेटम ही वेल विकली जाते. ती गुळवेलीच्या कुळातली, पण दारुहळदीतलं बर्बेरीन हे पिवळं द्रव्य तिच्यातही असतं, म्हणून लाकूड तसंच पिवळं. तुकडा आडवा कापून बघावा, वेलीच्या खोडात चाकाच्या आऱ्यांसारख्या रुंद रेघा दिसतात.