गुप्तदान आणि नावाचं दान: झाकायचं ते कुणाचं नाव?

सांगलीच्या खानापूर-आटपाडी पट्ट्यात जत्रा कमिटीनं माइकवरून वर्गणी पुकारायला घेतली की मधेच एक घोषणा हमखास येते. "गुप्तदान, ११,००० रुपये! देणाऱ्यानं नाव सांगू नका म्हणून बजावलंय." इथवर ठीक. पण माइक हातात असलेल्याला राहवत नाही. "आपल्याच गावचे हायेत, गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यात हायेत, यंदाच नवा बंगला बांधलाय..." मंडपात खसखस पिकते. नाव तेवढं सोडून सगळं सांगून झालेलं असतं.

आता हे गुप्तदान की नावाचं दान? आपण एरवी सरळ वाटणी करून मोकळे होतो. नाव न लावता दिलं ते मोठ्या मनाचं, नाव लावून दिलं ते मिरवायला. मला ही वाटणी पटत नाही. नाव लपवलं की नाही एवढ्यानं काहीच कळत नाही, ते कुणापासून लपवलं हे बघावं लागतं. गावापासून? संस्थेपासून? की ज्याच्या हातात मदत पडली त्याच्यापासून? तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

दानपेटीत घडी घालून टाकलेली नोट हे खरंखुरं निनावी दान. संस्थेलासुद्धा पत्ता नसतो. देवळाच्या पेटीला ते शोभतं, पण हाच प्रकार शाळा-कॉलेज चालवणाऱ्या ट्रस्टच्या वह्यांत दिसू लागला की आयकर खात्याचे कान टवकारतात. १९६१ च्या आयकर कायद्यात यासाठी ११५-बीबीसी हे कलमच होतं. देणाऱ्याचं नाव-पत्ता संस्थेनं नोंदवला नाही, तर एका मर्यादेपुढच्या अशा देणग्यांवर संस्थेलाच ३० टक्के कर. ती मर्यादा एक लाख रुपये किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यांतली जी जास्त असेल ती. निव्वळ धार्मिक संस्थांना यातून सूट. कारण उघड आहे: स्वतःचाच काळा पैसा 'कुणीतरी दिला' म्हणून ट्रस्टच्या खात्यात पांढरा करून घेणं सोपं असतं. म्हणजे देणारा बिचारा निर्मळ मनानं नाव लपवतो आणि भुर्दंड शाळेला.

त्यामुळं शाळेला, वसतिगृहाला द्यायचं असेल तर फलकावर नाव नको म्हणा, पण पावतीवर जरूर घाला. पावती म्हणजे प्रसिद्धी नव्हे. देणगीवर आयकरात मिळणारी वजावट (१९६१ च्या कायद्यातलं ८०-जी कलम) मागणाऱ्याचं नाव तर सरकारदरबारी जातंच. संस्था देणगीदारांची माहिती आयकर खात्याकडं भरते आणि तुम्हाला देणगीचं प्रमाणपत्र देते. रोख २,००० रुपयांच्या वर दिले तर ही वजावट मिळत नाही, आणि नवीन करप्रणाली निवडलेल्यांना ती तशीही नाहीच.

आता नावाच्या दानाकडं वळू, कारण त्याची जरा जास्तच बदनामी झाली आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतला पंखा पाहिलाय का? पात्यावर लाल ऑइलपेंटनं 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' लिहिलेलं असतं. पंखा चालू केला की नाव वाचता येत नाही आणि बंद केला की पोरं घामाघूम. हसू येतं, पण त्या पात्यामागं बऱ्याचदा गाव सोडून गेलेला माणूस असतो. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी भागातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगली. वर्षातून एकदा जत्रेला यायचं, चार दिवस राहायचं, परत निघायचं. त्यांच्या लेखी देवळाच्या फरशीवरचं नाव म्हणजे मोठेपणा कमी आणि हजेरी जास्त. आम्ही अजून या गावचे आहोत, एवढंच त्यातून सांगायचं असतं. याला हाव म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

शिवाय उघड यादीचे दोन रोकडे फायदे आहेत. एकानं ५,००० लिहिले की भावकीतला दुसरा ५,००१ लिहितो. ईर्ष्येतून का होईना, समाजमंदिरावर पत्रा पडतो. दुसरं म्हणजे हिशेब. फलकावर नावं-आकडे असले की कुणीही पावतीपुस्तकाची स्थळप्रत मागून बेरीज करू शकतो. कमिटीला 'गुप्तदान' फार आवडायला लागलं तर मी तरी आधी हिशेबाची वही मागेन.

खोट मला दिसते ती माइकमध्ये. शंभर रुपये देणाऱ्याचं नाव पुकारलं की तो खाली मान घालतो, म्हणून ऐपत नसताना उसनवारी करून ५०१ देणारे प्रत्येक गावात असतात. वर फलकावर '१,००० च्या पुढंच नाव' असा नियम. मग रोजगारावर जाणाऱ्या बाईनं दिलेले दोनशे कुठं गेले?

या भागात याचं एक जुनं उत्तर आहे. मूळच्या ऐतवडे बुद्रुकच्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. वसतिगृहातली पोरं जगवायला त्यांनी घरोघरी मूठमूठ धान्य मागितलं. मूठभर ज्वारीवर कुणाचं नाव कोरणार? तरी देणारीला माहीत होतं आणि मागायला आलेल्या पोरालाही माहीत होतं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातल्या मुलांसाठी अंगावरचे दागिने मोडले, तेही काही चोरून-लपून नव्हे. साताऱ्यात अजून सांगतात की मोठ्या देणगीच्या बदल्यात कॉलेजला दिलेलं शिवाजी महाराजांचं नाव बदलून देणगीदाराचं लावायची गोष्ट निघाली, तेव्हा कर्मवीरांनी ती देणगीच नाकारली. देणाऱ्याला नाव हवं असण्यात त्यांना गैर वाटलं असेल असं नाही. कुणाचं नाव पुसून ते लावायचं, तिथं ते अडले.

मात्र एका ठिकाणी मी अजिबात सवलत देत नाही, ते म्हणजे घेणाऱ्याचं नाव आणि चेहरा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. सांगली पाण्यात असताना राज्यभरातून टेम्पो भरून मदत आली, आणि ती आली म्हणून लोक तगले, हे मान्यच. पण चादर देताना चौघांनी चादरीला हात लावायचा, घेणाऱ्या बाईनं कॅमेऱ्याकडं बघायचं, 'जरा हसा ताई' म्हणायचं, हेही तेव्हा पाहिलं. आदल्या आठवड्यात तिच्या घरी पाहुण्यांना जेवल्याशिवाय सोडत नव्हते. देणाऱ्यानं टेम्पोला हवा तेवढा मोठा बॅनर लावावा, हरकत नाही. तिचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवायचा हक्क त्याला कुणी दिला?

गुप्तदानात गुप्त ठेवायचं ते हे. दप्तर-वह्या द्यायच्या तर स्टेजवर 'गरीब व होतकरू' म्हणून पोरांची रांग लावू नका, मुख्याध्यापकांकडं द्या, ते वर्गात सगळ्यांबरोबर वाटतील. फी भरायची तर परस्पर शाळेच्या खात्यावर भरा. फलकावर तुमचं नाव लागलं तर लागू द्या. आणि नको असेल तर तसं लेखी कळवा, कारण तोंडी सांगितलेलं माइकवाल्यापर्यंत पोचत नाही.