ओझे उचलणे व अवजारांच्या पेटीची निवड

कामाच्या जागी जड वस्तू उचलताना, वाहताना व ठेवताना कंबरेला इजा होऊ नये यासाठी उचलण्याची रीत आणि पेटीची घडण यांचा विचार एकत्रच करावा लागतो. कंबरेवर पडणारा भार केवळ किलोंवर ठरत नाही. ओझे मणक्यापासून किती लांब धरले आहे, यावरही तो तितकाच ठरतो. पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटरवरून ओढ देतात. त्यामुळे २० किलोंची पेटी ५० सेंटिमीटरवर धरली, तर ती तोलायला त्यांना सुमारे २०० किलोंइतकी ओढ द्यावी लागते आणि तीच पेटी २५ सेंटिमीटरवर, पोटाशी घेतली की ही ओढ निम्म्यावर येते. वाकलेल्या धडाचे वजन यात धरलेले नाही.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे भरलेले पोते पाठीवर वाहणारा हमाल हे अंतरच कमी करत असतो. लोखंडी आकडे (हूक) लावून इतरांनी चढवलेले पोते पाठीला चिकटून बसते व भार पायांवर उतरतो. थप्पी लावताना मात्र धडाला पीळ पडतो. वजन आणि पीळ एकत्र आले की मणक्यांमधल्या चकतीला सर्वाधिक धोका असतो, म्हणून वळायचे ते पावले टाकून. रीत कितीही चांगली असली, तरी जास्तीचे वजन तिने कमी होत नाही. १९६७ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची मर्यादा आहे, तर १९९१ च्या अमेरिकी सूत्रात सर्व स्थिती अनुकूल असतानाही २३ किलोच धरले आहेत. हा फरक पाहता ५५ किलोंना सुरक्षित म्हणणे योग्य नाही. भारतात २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३४ नुसार इजा होण्याजोगे ओझे कामगाराला उचलायला लावता येत नव्हते.

पेटी निवडताना रिकाम्या पेटीचे वजन आधी पाहावे, कारण ते प्रत्येक खेपेला वाहावे लागते. मिरजेहून बाहेरगावी जाणाऱ्या तंबोऱ्याचे उदाहरण बोलके आहे. वाद्य हलके असते, पण भोपळा रुंद व नाजूक असल्याने पेटी मोठी होते आणि अंगाशी येत नाही. अशा पेटीला दोन्ही टोकांना मुठी हव्यात आणि ती दोघांनीच उचलावी. अवजारांची पेटी अरुंद असावी, जड नग तळाशी व मधोमध बसवावेत आणि खडबडीत रस्त्यासाठी चाके मोठी घ्यावीत. भरलेली पेटी मुठीला धरून वीतभर उचलून पाहावी. ती एका बाजूला कलली, तर आतले नग पुन्हा लावावेत.