शंभराची नोट इंदूरात किती फिरते?

२०२४ सालात मध्य प्रदेशात तेरा कोटींहून जास्त पर्यटक आले, ही बातमी वाचली त्या दिवशी इंदूरच्या आमच्या रामबागेत एकच सूर होता: आता कारखाने आले नाहीत तरी चालेल, महाकाल आपल्याला पोसेल. २०११च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्याच सव्वासात कोटी होती, तेव्हा तेरा कोटी ऐकून माणूस हुरळणारच. पण हा आकडा माणसांचा नसून भेटींचा आहे. पुण्याहून आलेला माझा मामेभाऊ एक दिवस ओंकारेश्वरला गेला आणि दुसऱ्या दिवशी उज्जैनला. दोन्हीकडे नोंद झाली की त्या एकाच माणसाच्या दोन भेटी होतात. २०२३ मध्ये देशभरात अशा अडीचशे कोटी देशांतर्गत भेटी झाल्या, म्हणजे दरडोई दोनाच्या आतबाहेर.

मग देशाच्या अर्थव्यवस्थेत पर्यटनाचा खरा वाटा किती? हे काढणं दिसतं तितकं सोपं नाही, कारण सरकारी हिशेबात ‘पर्यटन’ नावाचा वेगळा रकानाच नसतो. हॉटेल एका रकान्यात, रेल्वे दुसऱ्यात, साडीचं दुकान तिसऱ्यात. त्या प्रत्येकातून पर्यटकांपुरता भाग वेगळा काढून एकत्र मांडतात, त्याला टूरिझम सॅटेलाइट अकाउंट म्हणतात. त्या हिशेबाने २०२२-२३ मध्ये प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मिळून भारताच्या जीडीपीत पर्यटनाचा वाटा सुमारे ५ टक्के होता आणि सुमारे ७.६ कोटी रोजगार त्यावर उभे होते. वीस रुपयांतला एक रुपया. हा लहान वाटा नव्हे, पण उरलेले एकोणीस रुपये शेती, कारखाने आणि इतर सेवांमधून येतात, हेही लक्षात ठेवलं पाहिजे.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. छप्पन दुकान या इंदूरच्या खाऊगल्लीत पाहुण्याने पोहे-जिलेबीचे शंभर रुपये दिले. ते शंभर पुढे कुठे जातात? पोहे उज्जैनच्या गिरणीतले असतील, तर तो पैसा माळव्यातच राहिला. वरच्या शेवेसाठी पामतेल वापरलं असेल, तर त्यातला काही पैसा इंडोनेशिया-मलेशियाला गेला. शेगडीचा गॅस? देशाला लागणाऱ्या एलपीजीपैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येतो. या बाहेर जाणाऱ्या पैशाला गळती म्हणतात.

समजा, दर टप्प्यावर ४० टक्के गळती होते आणि ६० टक्के इथेच पुन्हा खर्च होतात. पोहेवाल्याचे साठ रिक्षावाल्याकडे आणि किराणा दुकानात गेले, त्यांचे छत्तीस शिकवणीच्या फीत आणि भाजीत, पुढे एकवीस रुपये साठ पैसे... ही शाळेतली भूमितीय श्रेढीच. तिची बेरीज येते २५०. आता गळती ८० टक्के धरा: शंभर, वीस, चार, ऐंशी पैसे. बेरीज फक्त १२५. पर्यटक तोच, नोटही तीच, पण परिणाम निम्म्यावर आला. शंभराचे अडीचशे म्हणजे अडीच पट, सव्वाशे म्हणजे सव्वा पट. या पटीला ‘गुणक’ म्हणतात. ही कल्पना १९३१ मध्ये अर्थतज्ज्ञ रिचर्ड कान यांनी मांडली आणि पुढे अर्थतज्ज्ञ केन्स यांनी ती प्रसिद्ध केली.

इथे एक मोठी चूक होते, आणि प्रकल्पांच्या जाहिराती तिच्यावरच उभ्या असतात. विक्रीची बेरीज म्हणजे उत्पन्न नव्हे. पोहेवाल्याची विक्री शंभराची, त्यात माल पन्नासाचा. माल विकणाऱ्याची विक्री पन्नासाची, त्यात शेतकऱ्याचं धान वीस रुपयांचं. तिघांच्या विक्रीची बेरीज १७०. पण प्रत्येकाने स्वतः घातलेली भर बघा: पन्नास, तीस आणि वीस. एकूण शंभरच, कारण गिऱ्हाइकाने दिलेत शंभर. जीडीपीत ही भरच, म्हणजे मूल्यवर्धन, मोजतात. खरी वाढ त्यानंतर येते, जेव्हा हे तिघं आपापली कमाई घरखर्चाला काढतात. आणि तीही तेव्हाच, जेव्हा कोणाचे तरी हात रिकामे असतात. सुट्यांमध्ये हॉटेलं भरलेली असताना आणखी पाहुणे आले, तर खोल्या वाढत नाहीत, भाडं वाढतं. भारतासारख्या देशात काम शोधणारे हात भरपूर आहेत, म्हणून इथे गुणकाला वाव जास्त आहे. जाहिरातीत ‘एका रुपयाचे अमुक रुपये’ असं वाचलंत, तर ते अमुक विक्रीचे की उत्पन्नाचे, एवढं जरूर विचारा.

गळतीची सीमा कुठे आखायची, हाही प्रश्न आहेच. इंदूरहून नव्वदेक किलोमीटरवरच्या महेश्वरला अहिल्याबाईंनी विणकर आणून वसवले. आजही तिथे घरोघर माग चालतात. ताण्याचं रेशीम बंगळुरूकडून येतं, सूत कोइमतूरकडून आणि काठाची जर सुरतेहून. पर्यटकाने साडी घेतली की या मालापोटी बाहेर गेलेला पैसा मध्य प्रदेशाच्या दृष्टीने गळती, पण भारताच्या दृष्टीने नाही. रेशीम चीनमधून आलेलं असेल, तर मात्र ती देशाचीच गळती. याच न्यायाने इंदूरकराने उज्जैनला जाऊन खर्च केला, तर देशात नवा पैसा येत नाही. तो इथे सिनेमाला गेला असता, तिथे दर्शनाला गेला. परदेशी माणसाने इंदूरच्या सराफा बाजारात रात्री गराडू, म्हणजे तळलेला कंद, खाल्लं, तर ती निर्यात ठरते. जहाज लागत नाही, गिऱ्हाईक स्वतःच चालत येतं. २०१९ मध्ये अशा सुमारे १.०९ कोटी परदेशी पाहुण्यांकडून देशाला ३० अब्ज डॉलर मिळाले. उलट आपण बँकॉकला जाऊन जेवलो की ती आयात.

या निर्यातीवरच घर चालवलं तर काय होतं, ते शेजारी दिसलं. २०१८ मध्ये श्रीलंकेत २३ लाख पर्यटक आले होते. २०१९च्या ईस्टरला बॉम्बस्फोट झाले, मग कोविड, आणि २०२० मध्ये संख्या पाच लाखांवर आली. २०२२ मध्ये देशाने परदेशी कर्जाची परतफेड थांबवली. त्याला करकपात आणि जुनी कर्जंही कारण होती, पण डॉलरचा मोठा झरा आटला होता हे खरं. मालदीवची अर्थव्यवस्था २०२० मध्ये जवळपास एक तृतीयांशाने आक्रसली. आपल्याकडे २०२०-२१ मध्ये पर्यटनाचा वाटा दीड टक्क्यावर आला. हॉटेलवाले, गाइड, टांगेवाले होरपळले, पण देश इतर एकोणीस रुपयांवर तगून राहिला.

उज्जैनबद्दल एक समजूत आहे: महाकाल हाच तिथला राजा, म्हणून सत्ताधाऱ्याने तिथे रात्री मुक्काम केला तर त्याची गादी जाते. गाद्या मतांनी येतात आणि मतांनी जातात. ही भीती निव्वळ अंधश्रद्धा आहे, आणि ती अशा गावात जपली जाते ज्याची बरीचशी कमाई मुक्कामावर अवलंबून आहे. पर्यटनशास्त्रात पर्यटक कोणाला म्हणायचं, तर जो किमान एक रात्र राहतो त्याला. त्याच दिवशी परतणाऱ्याचा रकाना वेगळा असतो. दर्शन घेऊन परतणारा माणूस पार्किंग, हारफुलं आणि एक चहा एवढंच देतो. राहणारा खोलीचं भाडं देतो, दोन वेळचं जेवण घेतो, सकाळी घाटावर नाववाल्याला बोलावतो.

मामेभाऊ गेल्या खेपेला महेश्वरला ‘दोन तासांत बघून येऊ’ म्हणून निघाला होता. गाडी बिघडली आणि रात्र तिथेच काढावी लागली. किल्ल्याजवळ एका घरात खोली मिळाली. बाईंनी ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी केली. भाजी त्यांच्या दिराच्या मळ्यातली होती. सकाळी शेजारच्या घरातून मागाचा खटखट आवाज आला म्हणून वहिनी बघायला गेली आणि साडी घेऊनच परतली.