फ्लेमिश : अधिकृत भाषेच्या दर्जाचा प्रश्न

बेल्जियमच्या उत्तर भागात, म्हणजे फ्लांडर्समध्ये, बोलल्या जाणाऱ्या डचच्या निरनिराळ्या रूपांना बाहेरचे लोक सरसकट ‘फ्लेमिश’ म्हणतात. कायद्याच्या लेखी मात्र अशी भाषा नाही. बेल्जियमच्या राज्यघटनेचे चौथे कलम डच, फ्रेंच, जर्मन आणि द्वैभाषिक ब्रुसेल्स असे चार भाषिक प्रदेश मानते. मराठी वाचकाला येथे गोव्यातला कोकणीचा वाद आठवेल, पण फ्लांडर्समधली गोष्ट नेमकी उलटी आहे. तेथे वेगळ्या भाषेचा दर्जा बोलणाऱ्यांनाच नको होता.

बेल्जियम १८३० मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा निम्म्याहून अधिक लोक डच बोली बोलत. तरी सरकार, न्यायालये, सैन्यातले अधिकारी आणि विद्यापीठे फ्रेंचमध्ये चालत. गेंट-अँटवर्पमधले सधन लोकही घरात फ्रेंचच बोलत. डच बाजूने हक्क मागितला की ‘कोस दोन कोसांवर बदलणाऱ्या या बोलींत राज्यकारभार कसा चालवायचा?’ असा सूर लागे. त्यावर डचच्या हक्कांसाठी झगडणारे लेखक यान फ्रान्स विलेम्स आणि त्यांच्या मागून आलेल्या फ्लेमिश चळवळीने एकच उत्तर धरून ठेवले : आमची लेखी भाषा हॉलंडचीच आहे, तिला शतकांचे साहित्य आहे. १८६४ मध्ये बेल्जियमने उत्तरेकडची, म्हणजे नेदरलँड्सचीच, लेखनपद्धती स्वीकारली. १८९८ च्या कायद्याने कायद्यांच्या डच मजकुराला फ्रेंचच्या बरोबरीचे स्थान मिळाले, १९३० मध्ये गेंट विद्यापीठ पूर्णपणे डच झाले आणि १९६२-६३ मध्ये भाषिक सीमा कायद्याने आखली गेली. राज्यघटनेच्या डच संहितेला अधिकृत मान्यता मिळायला मात्र १९६७ उजाडले. एवढी लढाई डचच्या नावाने जिंकल्यावर तेच नाव कोण सोडेल? १९७३ मध्ये फ्लेमिश सांस्कृतिक परिषदेने हुकूमनामाच काढला, की आपल्या भाषेचे अधिकृत नाव डच. १९८० मध्ये नेदरलँड्सशी करार होऊन भाषेसाठी सामाईक संस्था, टालयूनी, उभी राहिली.

या भूमिकेला घरातूनच विरोध झाला होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिम फ्लांडर्समधल्या काही कॅथलिक धर्मगुरूंना हॉलंडची प्रमाण डच परकी वाटे, वर तिच्याबरोबर प्रॉटेस्टंट विचार येईल ही धास्ती. दे बो यांचा पश्चिम फ्लेमिश शब्दकोश (१८७३) याच वातावरणातला. गीडो गेझेल (१८३०–१८९९) या धर्मगुरू-कवीने तर बोलीतले शब्द आणि लय कवितेत आणली. ही मंडळी भाषेच्या राजकारणात हरली. गेझेलची कविता मात्र आज डच साहित्याचे भूषण मानली जाते.

दर्जा द्यायचाच ठरवला तरी तो कोणत्या फ्लेमिशला, ही खरी अडचण आहे. फ्लांडर्समध्ये पश्चिम फ्लेमिश, पूर्व फ्लेमिश, ब्राबांटी आणि लिंबर्गी असे चार ढोबळ बोलीगट आहेत. लिंबर्गीत काही शब्दांचा अर्थ नुसत्या सुराच्या चढउताराने बदलतो. दुसऱ्या टोकाला पश्चिम फ्लेमिशमध्ये ‘हो’ हा शब्दसुद्धा कर्त्याप्रमाणे चालतो : स्वतःबद्दल विचारले तर ‘योआक’, तिच्याबद्दल ‘योआस’, एखाद्या वस्तूबद्दल ‘योआट’. तिथला माणूस भरभर बोलू लागला की ब्राबांटमधल्या माणसाचीही त्रेधा उडते, आणि बेल्जियमच्याच दूरचित्रवाणीवर त्याच्या बोलण्याखाली डच उपशीर्षके येतात. तेव्हा भाषाशास्त्राच्या कसोटीवर पश्चिम फ्लेमिश किंवा लिंबर्गी यांचा दावा विचारात घेण्याजोगा आहे. अख्ख्या फ्लांडर्सची एक ‘फ्लेमिश’ भाषा हा दावा टिकत नाही.

शेजाऱ्यांनी वेगळ्या वाटा धरल्या. नेदरलँड्सने प्रादेशिक व अल्पसंख्याक भाषांच्या युरोपीय सनदेखाली १९९७ मध्ये लिंबर्गीला मान्यता दिली. झेलंड या डच प्रांतातल्या बोलीची तशीच मागणी मात्र फेटाळली गेली. बेल्जियमने या सनदेवर सहीच केलेली नाही. परिणामी दोन्ही देशांच्या सीमेवरच्या मास नदीच्या एका काठावर लिंबर्गी ही मान्यताप्राप्त प्रादेशिक भाषा, तर दुसऱ्या काठावर नुसती बोली. अधिकृत भाषेच्या बोलींना ही सनद लागू नाही, त्यामुळे ‘भाषा की बोली’ हा वाद पोथीपुरता राहत नाही. बेल्जियममधल्याच फ्रेंच भाषक समुदायाने १९९० मध्ये वालून, पिकार वगैरे स्थानिक भाषांची दखल घेतली. फ्लेमिश बाजूने असे पाऊल टाकले नाही. आणि फ्रान्ससारख्या एकभाषी वृत्तीच्या देशाने, डंकर्कच्या आसपास उरलेल्या थोड्या वृद्ध भाषकांच्या पश्चिम फ्लेमिशला, २०२१ अखेरीस शाळेत शिकवण्याजोग्या प्रादेशिक भाषांच्या यादीत घेतले!

दरम्यान शहरांत आणि मालिकांत बोलीही नाही आणि पुस्तकी डचही नाही, अशी ‘मधली भाषा’ फोफावली आहे. तिच्यावर ब्राबांटी वळणाची छाप आहे. लेखक खेर्ट फान इस्टेंडाल यांनी १९८९ मध्ये तिला नव्या वसाहतींची फ्लेमिश अशा अर्थाचे हेटाळणीचे नाव दिले आणि ते रूढ झाले. शिक्षक तिच्यावर नाके मुरडतात, मुले तीच बोलतात. तिला दर्जा द्या अशी राजकीय चळवळ मात्र उभी राहिलेली नाही. शब्दकोशांनी तेवढे नमते घेतले आहे : फान डाले या प्रतिष्ठित डच कोशात आता दक्षिणेकडच्या, म्हणजे बेल्जियममधल्या, शब्दांपुढे ‘बेल्जियन डच’ अशी खूण असते, त्यांना चूक ठरवले जात नाही.