जनगणनेतून आजोबा-पणजोबा शोधताय? आधी कुठे अर्ज करायचा ते बघा

गणपतीत भाऊबंद जमले की वंशावळीचा विषय निघतोच, आणि कोणीतरी म्हणतं इंग्लंडात जुन्या जनगणनेत घरच्यांची नावं मिळतात मग आपल्याकडे का नाही. तिकडे 1921 चे फॉर्म शंभर वर्षं झाल्यावर 2022 ला खुले केले. आपल्याकडे जनगणना अधिनियम 1948 च्या कलम 15 नुसार घरोघरी भरलेले फॉर्म गोपनीय, बघायला मिळत नाहीत आणि कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. त्यामुळे माहिती अधिकारात त्यासाठी अर्ज टाकू नका, दहा रुपये आणि महिना दोन्ही वाया.

जनगणनेतून गावाची माहिती मात्र मिळते, 1951 आणि 1961 च्या जिल्हा जनगणना पुस्तिकांत गाववार घरं किती, माणसं किती ते आहे. फक्त जिल्हा बघून शोधा. सिंधुदुर्ग 1 मे 1981 ला झाला, त्याआधी मालवण-देवगड सगळं रत्नागिरीत, आणि कुडाळ-सावंतवाडी तर 1948 पर्यंत सावंतवाडी संस्थानात, म्हणजे 1931 च्या आकड्यांत ते रत्नागिरीत शोधत बसाल तर सापडणार नाही. मुरूड-श्रीवर्धनवाल्यांनी जंजिरा संस्थान बघावं.

आता नावं. पहिलं तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष, तिथे गाव नमुना 14 म्हणजे आपलं कोतवाल बुक असतं, जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी त्यात. साध्या कागदावर तहसीलदारांच्या नावे अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प, आधारची झेरॉक्स, आणि असेल तर 7/12 किंवा स्वतःचा शाळेचा दाखला, म्हणजे तुमचं त्या माणसाशी नातं काय ते दिसतं. अर्जात गाव, वाडी, बापाचं नाव आणि सालाचा अंदाज लिहा, "1925 ते 1935" असा. नुसतं "आजोबांचा जन्म दाखला पाहिजे" लिहिलं तर क्लार्क बिचारा कुठली वही काढणार? आडनाव धरून बसू नका, जुन्या नोंदीत बऱ्याचदा नाव, बापाचं नाव आणि जात एवढंच असतं.

दुसरं शाळेचं जनरल रजिस्टर, मुख्याध्यापकांकडे अर्ज केला की उतारा मिळतो, शाळा बंद पडली असेल तर पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विचारा. तिसरं, आणि माझ्या मते कोकणात सगळ्यात कामाचं, जुने फेरफार, म्हणजे जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर गेल्याच्या नोंदी. वारस नोंदीत मयताची सगळी मुलं, बायको, कधी लग्न होऊन गेलेल्या मुलीसुद्धा ओळीने सापडतात आणि एका फेरफारावरून मागचा नंबर काढत जाता येतं. जमीन खोताची, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराची होती म्हणून सोडू नका, 1949 च्या कायद्याने खोती गेली त्यानंतरच्या नोंदींत कुळांची, म्हणजे जमीन कसणाऱ्यांची नावं आलेली असू शकतात. जुन्या महसुली नोंदींच्या 'आपले अभिलेख' या सरकारी साइटवर तुमच्या तालुक्याचे स्कॅन आहेत का ते मुंबईतूनच बघून घ्या, चाकरमान्यांची रजा तेवढीच वाचते.

खूप जुनं पान मोडी लिपीत निघतं, तेव्हा जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. आणि हे सगळं जातपडताळणीसाठी करत असाल तर मोबाइलवरचा फोटो चालत नाही, सही-शिक्क्याची प्रमाणित नक्कल मागा, ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो.